शेवटचा फर्मा

चन्नवीर मास्तरांची कादंबरी पुण्याला छापायला गेली आणि आमच्या पंगतीत दुसरा विषयच उरला नाही. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की मास्तरांचा घास हातातच थांबायचा. तो खानावळीवरून तसाच पुढे गेला की घास तोंडात जायचा खरा, पण तोंड कडू झाल्यासारखं दिसायचं.

"मास्तर, पुस्तक येतंय, बाळ नव्हे," मी म्हणायचो.

"बाळाचा निदान महिना तरी ठाऊक असतो," ते म्हणायचे.

खानावळ त्यांच्या थोरल्या बहिणीची. नाव सुंदरम्मा, पण जेवणारे आम्ही सगळे तिला अक्काच म्हणत असू. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत तिचे आईवडील आणि नवरा एकाच महिन्यात गेले. हळद नीट निघालीही नव्हती म्हणतात. पदरात हा दहा वर्षांचा भाऊ. तेव्हापासून ती सोलापुरात मिलच्या मागच्या गल्लीत चुलीपुढे बसली ती बसलीच. भाकऱ्या थापून तिने त्याला शाळेत घातलं, मास्तरकीची परीक्षा द्यायला लावली, आणि आता तो शाळेत पोरांना कविता शिकवत होता आणि घरी येऊन कादंबरी लिहीत होता. लग्नाचं विचारलं की म्हणे, पुस्तक येऊ द्या. चपला फाटल्या आहेत, नव्या घ्या म्हटलं तरी पुस्तक येऊ द्या.

मी मडिवाळप्पा, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. माझा प्रपंच मंद्रूपला आणि पोट अक्काच्या खानावळीत. माझा वाचनाशी संबंध गोण्यांवरच्या खुणांपुरता. तरी मास्तरांच्या साहित्यसेवेत मला ओढण्यात आलं, ते माझ्या आवाजामुळे.

त्याचं असं होतं. पुण्याच्या त्या छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, थोडे. म्हणून एका वेळी सोळाच पानं जुळवायची, त्याला ते लोक फर्मा म्हणतात. त्याचं प्रूफ आणि मूळ कागद पोस्टाने सोलापूरला यायचे. मास्तरांनी चुका दाखवून परत पाठवले की तो फर्मा छापायचा, मग तेच खिळे सोडवून पुढची सोळा पानं जुळवायची. एकदा छापलं ते छापलं. मागे जाऊन एक शब्द बदलायची सोय नाही. आणि प्रूफ तपासायची रीत अशी, की एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने प्रूफावर डोळा ठेवायचा. मालगाडीच्या खडखडाटात हमालांना हाका मारून माझा आवाज तयार झालेला, तेव्हा वाचायचं काम माझ्याकडे आलं.

रविवारी मिलला सुट्टी. जेवणं उरकली की मास्तर आणि मी सोप्यात बसायचो. वाचायचं म्हणजे कसं, तर विरामचिन्हांसकट. "विजयमालेने मान खाली घातली, स्वल्पविराम, आणि तिच्या डोळ्यांतून, अश्रू, पूर्णविराम." सुरुवातीला मला हसू यायचं. पुढेपुढे मी अश्रूंनंतरचा पूर्णविरामही गळा दाटून म्हणू लागलो.

विजयमाला ही कादंबरीची नायिका. असलं नाव आमच्या गल्लीत कुणी गाईलासुद्धा ठेवलं नव्हतं. पण ती विधवा होती आणि एका मोठ्या शहरात खानावळ चालवत होती. तिच्या तव्यावरची भाकर कशी फुगते, परातीत पाणी शिंपडून ती पीठ कसं मळते, हे मास्तरांनी इतकं हुबेहूब लिहिलं होतं की वाचताना मला भूक लागायची. "ही अक्काच की हो," मी एकदा म्हटलं.

"भाकरी अक्काची," मास्तर म्हणाले. "बाकी सगळं काल्पनिक."

बाकी सगळं म्हणजे काय, तर त्या खानावळीत एक बायको वारलेला गृहस्थ जेवायला येतो आणि दोघांची मनं जुळतात.

आता हे वाचताना माझी जीभ जरा अडखळली. कारण आमच्या पंगतीतही एक बायको वारलेला गृहस्थ होता. शिवपुत्र त्याचं नाव. मिलमध्ये साळखात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, माणूस मंगळवेढ्याकडचा. सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसायचा आणि सगळ्यांच्या शेवटी उठायचा. बोलणं जवळजवळ नाही. पण गावाकडून ज्वारीचं पोतं आणायचा, आडाचा रहाट कुरकुरला की न सांगता तेल घालायचा, आणि अक्का "अजून वाढू का" असं सगळ्यांना विचारायची ती त्याला न विचारताच वाढायची. आम्ही जेवणारे हे बघून न बघितल्यासारखं करत होतो. त्यात वावगं काही नव्हतं. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न चालतं, त्याला उडकी म्हणतात. शिकलेली घरं नाक मुरडतात, तेवढंच. मात्र माहेरच्या कर्त्या पुरुषाचा होकार लागतो. आणि अक्काच्या माहेरचा कर्ता पुरुष म्हणजे तिनेच शेंबूड पुसून वाढवलेला चन्नवीर.

हा कर्ता पुरुष कादंबरीतल्या बायकांच्या मनाचा तळ गाठत होता, आणि ज्वारीचं पोतं रोज ओलांडून शाळेत जात होता. त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मला आधी वाटलं, बघूनच लिहिलं असेल. मग लक्षात आलं की नाही, या माणसाने सगळं खरोखरच मनाने रचलंय. देवाने दिलेलं इतकं आयतं समोर असताना.

सोपा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत एकच, वर धुरासाठी झरोका. आम्ही वाचायला बसलो की आतला शेंगा कुटायचा आवाज थांबायचा. आम्हाला वाटायचं, दमली असेल बिचारी, जरा आडवी झाली असेल. तिला मराठी वाचता येत नव्हतं, थोडं कानडी यायचं. पण ऐकायला अक्षरं लागतात थोडीच.

पावसाळ्याच्या मध्याला शेवटून दुसरा फर्मा आला. त्यात विजयमाला लग्नाला तयार होते, गावात बोभाटा होतो, आणि तिचा भाऊ, तोही शिकलेला, नोकरीवरचा, लोकांसमोर येईनासा होतो. मी दणक्यात वाचलं, "तिने स्वतःचं सुख पाहिलं, स्वल्पविराम, पण भावाला चारचौघांत तोंड दाखवायला जागा उरली नाही, पूर्णविराम." त्या दिवशी पाऊस होता म्हणून पंगतीतले बरेच जण बसून राहिले होते. शिवपुत्रही होता. कुणीतरी विचारलं, पुढं काय होतं हो मास्तर?

"पुढं काय," मास्तर खुशीत म्हणाले, "विहीर. प्रकाशकांचं पत्रच आहे, शेवटाला वाचकाच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"ब्येस," आम्ही म्हणालो. मीसुद्धा म्हणालो. शिवपुत्राने कोपऱ्यातली छत्री घेतली आणि तो पावसातच निघून गेला.

त्यानंतर तो जेवायला आला नाही. आम्हाला वाटलं, आजारी असेल. गणपती बसले, गणपती उठले. मग एक दिवस तो मला मालधक्क्याच्या रस्त्यावर भेटला. वाळला होता. मी म्हटलं, काय रे, अक्काची भाकर कडू झाली का?

त्याने पायाने खडी सारखी केली. मग म्हणाला, "आखाडात इचारलं होतं तिला. थांबा म्हणली, भावाच्या कानावर घालते. आन् मग त्या पावसाच्या रविवारनंतर न्हाय म्हणली. भावाला कळलंय म्हणली. त्याच्या मनात न्हाय, म्हणून तर मला ऐकू यावं असं वाचायला लावतोय म्हणली. भावाला खाली बघायला लावून मला काय करायचंय, म्हणली."

मला क्षणभर काही उमगेना. मग उमगलं. दर रविवारी तिच्या भिंतीला पाठ लावून मी घसा ताणून ओरडत होतो. थोरल्या बहिणीशी असल्या गोष्टी धाकटा भाऊ तोंडाने बोलत नाही, आमच्या घरांत तरी नाही. कुणाकरवी सुचवतो, दुसऱ्याची गोष्ट सांगून सुचवतो. अक्काने तेच धरलं. दुसरं काय धरणार होती ती?

शिवपुत्र रब्बीच्या पेरणीला गावी निघाला होता, महिना-दीड महिन्याची रजा काढून. "घरचे मागं लागलेत," एवढंच म्हणाला.

मी तसाच शाळेत गेलो आणि मास्तरांना व्हरांड्यात बोलावून सगळं सांगितलं. त्यांच्या हातातला खडू मोडला. पोरं वर्गात दंगा करत होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. इतकी वर्षं ज्या घरात जेवलो ते घर आपल्याला माहीतच नव्हतं, असा काहीतरी तो चेहरा होता.

"आत्ता घरी चला," मी म्हटलं. "अक्काला सांगा, ती नुसती गोष्ट होती. माझा होकार आहे म्हणा. चार शब्दांचं काम."

"अक्काशी?" ते म्हणाले. "हे? मी?" आणि मग म्हणाले, "तिने मला अंघोळ घातली आहे हो मडिवाळप्पा. तिच्या लग्नाचं मी तिच्याशी कोणत्या तोंडाने बोलू?"

"मग मी बोलतो."

"नको. तुम्ही तर नकोच. तुमच्याच आवाजात तिने ते ऐकलंय." ते येरझाऱ्या घालू लागले. मग एकदम थांबले. डोळ्यांत चमक आली, आणि ती चमक मला आवडली नाही, कारण ती कादंबरीकाराची होती, भावाची नव्हती. "शेवटचा फर्मा राहिलाय," ते म्हणाले. "शेवट बदलतो. विहीर नाही. भाऊ स्वतः जाऊन लग्न ठरवतो. जसं तिला आधीचं कळलं तसं हेही कळेल. तिच्या मनाला लागलंय ते पुस्तकाने, ते निघायलाही पुस्तकच पाहिजे."

मी वाद घातला. पण खरं सांगायचं तर मलाही ते थोडं पटलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

शनिवारी मास्तर पुण्याची गाडी पकडून गेले. प्रकाशक रागावले म्हणे, विहिरीची जाहिरातसुद्धा झाली होती. मास्तरांनी छापखान्याच्या बाकावर बसून नवा शेवट लिहिला आणि कागद जुळाऱ्याच्या हातात देऊनच उठले. नक्कल करून आणायला वेळ नव्हता. परत आले तेव्हा ताप उतरलेल्या माणसासारखे हलके दिसत होते. "पंधरवड्यात प्रूफ येतं," म्हणाले.

पंधरवडा गेला. छापखान्याचं पत्र आलं, की दिवाळी अंकांची कामं हाती आहेत, आपला फर्मा दिवाळीनंतर घेऊ. मास्तर रोज गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहू लागले. आधी पोस्टमनची वाट पाहायचे ती नाव होण्यासाठी. आता पाहत होते ती वेगळी, पण बाहेरून दोन्ही सारख्याच दिसत होत्या. संध्याकाळी आम्ही सिद्धेश्वराच्या तळ्याकडे फिरायला जायचो. मी म्हणायचो, "मास्तर, पाठ असेल की तुम्हाला, नुसतं सांगा." ते म्हणायचे, "छापलेलं हातात असलं की बळ येतं. प्रूफ येऊ द्या." प्रूफ येऊ द्या हा आता त्यांचा मंत्र झाला होता. घरात अक्का समोर यायची, ताट वाढायची, आणि हा माणूस मान खाली घालून जेवायचा. तिला काय वाटत असेल? भाऊ अजून रागावलाय, हेच. एकदा मी न राहवून आत डोकावलो. अक्का परातीत पीठ घेऊन नुसती बसली होती. "काय रे, काय पायजे?" म्हणाली. मी पाणी मागितलं, प्यालो आणि परत आलो.

दिवाळी झाली. तुळशीची लग्नं लागली आणि गल्लीत रोज कुठे ना कुठे ताशे वाजू लागले. त्यानंतरच्या आठवड्यात पोस्टमन थांबला आणि प्रूफ आलं.

रविवारपर्यंत मास्तरांना धीर कसा निघाला, त्यांचं त्यांना ठाऊक. रविवारी जेवणं होताच त्यांनी पंगतीतल्या बाकीच्यांना जवळजवळ हाकललंच. प्रूफ माझ्या हातात दिलं आणि मूळ कागद स्वतः घेतले. "आज मी वाचतो," म्हणाले. आत शेंगा कुटायचा आवाज थांबला.

ते भिंतीकडे तोंड करून बसले आणि वाचू लागले. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. कादंबरीतला भाऊ त्या गृहस्थाच्या दारी जातो आणि म्हणतो, माझ्या बहिणीने मला वाढवण्यात तिचा सगळा जन्म घातला आणि मी आंधळा तिच्या हातची भाकर खात बसलो. तिचं सुख ज्यात आहे त्यात माझा मान आहे. तुम्ही तिला मागणी घालावी अशी मी हात जोडून विनंती करतो.  मास्तरांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. माझा डोळा प्रूफावर होता, पण अक्षर एकही दिसत नव्हतं.

अक्का दारात येऊन उभी होती. हाताला शेंगदाण्याचं कूट तसंच.

"संपलं व्हय?"

"संपलं," मास्तर म्हणाले.

"चांगलं लिवलंय." ती खाली उंबऱ्यावर बसली. "हे माझ्यासाटी वाचलंस."

मास्तरांनी मान हलवली.

"आन् आदलं? ते भावाला तोंड दाखवाय जागा न्हाय, ते?"

"ते तुला नव्हतं, अक्का. ती नुसती गोष्ट होती. मला काहीच माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं."

 अक्काने पदराला हात पुसले, एकेक बोट. "मला वाटलं, बोलाय लाजतंय पोरगं, म्हणून मडिवाळप्पाच्या तोंडनं सांगतंय," ती म्हणाली. "मी म्हणलं, बरोबर हाय त्याचं. शिकलेला हाय. शाळेत चार लोक काय म्हणतील." मग तिने सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "शिवपुत्राचं लगीन झालं रे. तुळशीमागचा पैलाच मुहूर्त धरला घरच्यांनी. परवा परसदारी येऊन सांगून गेला. पोतं ठिवून गेला ज्वारीचं. पुढल्या वर्सापासून दुसऱ्याकडनं घ्या म्हणला."

बाहेर कुणाची तरी वरात चालली होती. 

"तुला कवा कळलं?" अक्काने विचारलं.

 मीच म्हणालो, "गणपती उठल्यावर. मी सांगितलं."

"गणपती उठल्यावर," अक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तवा तो पेरणीला गेलता. कुटंच लगीन ठरलं नव्हतं. आन् तू पुण्याला गेलास, चन्नू? मी हितं होते की. हितं, भिंतीच्या पल्याड."

ती उठून आत गेली. थोड्या वेळाने शेंगा कुटायचा आवाज पुन्हा सुरू झाला. मास्तर कागद मांडीवर घेऊन बसून राहिले आणि रडले. मोठा माणूस असा रडताना मी आधी पाहिला नव्हता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. 

माघात पुस्तक आलं. दहा प्रतींचं पुडकं, वर विजयमालेचं रंगीत चित्र, नाकात नथ, विधवेच्या. मास्तरांनी पुडकं सोडलंसुद्धा नाही. ते मीच सोडलं. ज्या पुस्तकासाठी त्यांचा घास अडायचा त्याच्याकडे ते बघेनात. अक्काने मात्र त्या दिवशी पुरणाचं होळिगे केलं, पहिली प्रत देव्हाऱ्यात ठेवली, विभूती लावली, आणि सगळ्या पंगतीला तूप आग्रहाने वाढलं. भावाने काहीतरी मोठं केलंय आणि ते साजरं झालं पाहिजे, यात तिला शंका नव्हती.

वाढता वाढता ती मास्तरांपुढे थांबली. "किती पुस्तकं छापली रे असली?"

"हजार," मास्तर ताटाकडे बघत म्हणाले.

"आन् समद्यात त्योच शेवट?"

"व्हय अक्का. समद्यात."

"म्हंजे हजार घरात माझं लगीन लागणार की," अक्का म्हणाली, आणि हसली. खरंच हसली, त्यात टोमणा नव्हता. तिने त्यांच्या पानात आणखी एक होळिगे वाढलं आणि तुपाची वाटी घेऊन ती पुढच्या ताटाकडे गेली. मास्तर कितीतरी वेळ ते होळिगे मोडत राहिले, पण त्यांच्याकडून एक घासही खाल्ला गेला नाही.